बर्फातलं बंड : टोकियो, 26 फेब्रुवारी 1936

पहाटेचा अंधार. टोकियोत बर्फ साचलंय आणि बराकींतून सैनिक बाहेर पडताहेत, सुमारे 1,500 जण. त्यांतली बरीच पोरं जानेवारीत भरती झालेली. रात्रीचा सराव आहे, एवढंच अनेकांना ठाऊक.

त्यांचे अधिकारी मात्र ठरवून निघालेत. बहुतेक तरुण कॅप्टन आणि लेफ्टनंट. ईशान्य जपानात पिकं बुडाली होती, खेड्यांत पोटच्या मुली विकायची वेळ आली होती. या तरुणांचा संताप खरा होता. पण त्यावर त्यांनी काढलेला तोडगा भयंकर होता: सम्राटांभोवतीचे मंत्री आणि दरबारी संपवायचे, की सम्राट स्वतः कारभार हाती घेतील. सम्राटांच्या मनात काय आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं.

अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो 81 वर्षांचे होते. देशाला मंदीतून बाहेर काढणारा हा माणूस. लष्कराच्या खर्चाला आवर घातला म्हणून त्यांना अंथरुणातच मारलं. पंतप्रधान ओकादा समजून सैनिकांनी त्यांच्या मेहुण्यांना गोळ्या घातल्या. खुद्द ओकादा मोलकरणींच्या खोलीतल्या कपाटात लपले आणि दुसऱ्या दिवशी सांत्वनाला आलेल्यांत मिसळून निसटले.

राजवाड्याचे मुख्य कारभारी सुझुकी कांतारो यांच्या घरी कॅप्टन आंदो तेरुझो गेला. पूर्वी तो त्यांना भेटून गेला होता, त्यांच्याविषयी त्याला आदरही होता. आता सुझुकी रक्ताच्या थारोळ्यात पडलेले. आंदो शेवटचा घाव घालायला पुढे झाला, तशी पत्नी ताका यांनी विनवणी केली, तेवढं तरी करू नका. आंदो थबकला. त्याने सैनिकांना सलामी द्यायला लावली आणि तो निघून गेला. सुझुकी वाचले. ज्यांच्या नावाने हे सगळं चाललं होतं, त्या सम्राट हिरोहितोंना लहानपणी याच ताकांनी सांभाळलं होतं.

सेनापती कचरत होते, काहींची तर बंडखोरांना आतून सहानुभूती होती. सम्राट मात्र संतापले. तुम्हाला जमत नसेल तर शाही रक्षक दल घेऊन मी स्वतः जातो, असं त्यांनी सुनावलं.

29 तारखेला पत्रकं वाटली गेली: तुम्ही देशद्रोही ठराल म्हणून तुमचे आईबाप, भावंडं रडताहेत. रेडिओवरून आवाहन झालं, जाहिरातीच्या फुग्याला सम्राटांच्या आज्ञेचा फलक बांधून तो आकाशात सोडला. सैनिक आपापल्या तुकड्यांकडे परतू लागले. बंड चार दिवसांत आटोपलं.

बंद दाराआड खटला चालला. वकील नाही, अपील नाही. 12 जुलैला 15 जणांना गोळ्या घातल्या, आंदोही त्यांत होता.

पण त्यामुळे लष्कराला वेसण बसली नाही, उलट बळच मिळालं. मे 1936 पासून सेवेतला सेनाधिकारीच लष्करमंत्री होणार, असा नियम पुन्हा लागू झाला. जानेवारी 1937 मध्ये जनरल उगाकी सरकार बनवायला निघाले, तेव्हा लष्कराने त्यांना मंत्रीच दिला नाही. सरकार बनलंच नाही.