अत्तराचा फाया आणि वाहणारा कान

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि श्रोतेहो, कानाविषयी बोलण्यासाठी आपण मला बोलावले आहे, तेव्हा निदान आजचा एक तास तरी या अवयवाकडे कानाडोळा होणार नाही, असे मी धरून चालतो. कान फुटला, कान वाहतो, हे आपण अशा सहजतेने म्हणतो की जणू पावसाळ्यात कौले गळावीत तसे ते व्हायचेच असते. ‘लहानपणापासून वाहतो, पण दुखत मात्र अजिबात नाही,’ हे वाक्य मी पस्तीस वर्षे ऐकत आलो आहे, आणि ते सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असते त्याच्याशी माझे भांडण आहे. ठणकणारा कान माणसाला रातोरात डॉक्टरकडे नेतो. न दुखणारा, जेमतेम वाहणारा, पण घाण वास येणारा कान मात्र वर्षानुवर्षे आतल्या आत हाड पोखरत बसतो.

माझ्या माहितीतले एक गृहस्थ भजनी मंडळात पेटी वाजवीत. त्यांच्या उजव्या कानात हिन्याचा फाया कायम असे आणि त्यामुळे गाव त्यांना मोठे रसिक समजत असे. खरे कारण फक्त त्यांच्या पत्नीला ठाऊक होते, कारण उशीचे अभ्रे तिला धुवावे लागत. लहानपणी कान फुटला तेव्हा आईने लसणीचे तेल कोमट करून घातले होते, पुढे कोणी तुरटीची लाही कुटून फुंकली होती, आणि कालांतराने पू कमी झाला तेव्हा कान बरा होत आला असे सर्वांनी एकमताने ठरवले होते. उरला होता तो वास, आणि त्याच्यावर हिन्याचा उतारा होता. माझ्याकडे ते कानासाठी आलेच नाहीत. रक्तदाब, मानेचे मणके आणि पित्त असे सगळे मुक्काम करून ते चक्कर घेऊन आले.

‘चक्कर कधी येते?’ असे विचारले, तर म्हणाले, ‘आंघोळ झाल्यावर, पूजेला बसताना.’ देवाला मध्ये आणू नये म्हणून मी आणखी खोदून विचारले, तेव्हा कळले की आंघोळीनंतर ते नवा फाया बोटाने कानात दाबून बसवीत आणि नेमक्या त्याच क्षणी देव्हारा गरकन फिरे. मी त्यांच्या कानाच्या तोंडाशी असलेली कूर्चेची पाकळी आत दाबली, त्याबरोबर त्यांनी माझ्या टेबलाची कड घट्ट धरली आणि त्यांची बुबुळे एका बाजूला झटके देऊ लागली. तोल सांभाळणाऱ्या आडव्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचे हाड झिजून तिला भोक पडले होते, आणि कानात दाबलेली हवा थेट तिच्यावर जाऊन आपटत होती.

फाया काढल्यावर हिन्याखालून जो वास आला, तो एकदा घेतलेला डॉक्टर विसरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पडद्याच्या वरच्या टोकाशी एक तपकिरी खपली दिसली, जी कोणीही मळ म्हणून सोडून दिली असती. ती उचलताच मागे मोत्यासारखा पांढरा, कांद्यासारखे पापुद्रे असलेला गोळा दिसला. हाच तो कोलेस्टिआटोमा. हे नाव 1838 मध्ये योहानेस म्युलर यांनी दिले आणि ते दुहेरी चुकीचे आहे, कारण यात कोलेस्टेरॉलचा संबंध नाही आणि हा कर्करोगही नाही. या नावापायी माझ्या एका रुग्णाच्या घरच्यांनी त्याचे तूप आणि ओले खोबरे बंद केले होते. ते परत सुरू करून दिल्याबद्दल त्याने मला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त धन्यवाद दिले.

हा रोग म्हणजे चुकीच्या जागी वाढणारी कातडी. पडद्यावरची कातडी नखाच्या संथ गतीने बाहेर सरकत असते आणि म्हणून कान स्वतःच स्वच्छ होतो; परंतु नाकामागून मध्यकर्णाला, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीला, हवा पुरवणारी नळी नीट उघडत नसेल, तर आतला दाब उतरतो आणि पडद्याचा वरचा सैल भाग आत ओढला जाऊन त्याची पिशवी बनते. तिच्यात झडलेली कातडी साचते, कुजते आणि भोवतालचे हाड विरघळवते. मध्यकर्णाच्या या वरच्या भागाला आम्ही माळाच म्हणतो, आणि घरातल्या माळ्याप्रमाणेच तिथे काय साचले आहे ते वर चढल्याखेरीज कळत नाही.

पेटीवाल्यांची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. हातोडी, ऐरण आणि रिकीब या मध्यकर्णातल्या तीन चिमुकल्या अस्थी पडद्यापासून आवाज आत पोचवतात; त्यांच्यातली ऐरण कधीच झिजून गेली होती, आणि हातोडीपासून रिकिबीपर्यंत आवाज पोचवण्याचे काम तो गोळाच पूल होऊन करीत होता. गोळा काढला तेव्हा पूलही गेला. ‘डॉक्टर, तुमच्यापेक्षा रोग बरा होता, निदान मध्यम सूर ऐकू तरी येत होता,’ असे ते म्हणाले. ही शक्यता मी त्यांना आधी सांगायला हवी होती. तेव्हापासून मी ती प्रत्येकाला शस्त्रक्रियेपूर्वीच सांगतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि ज्या विषयासाठी बोलावले तो अजून शिल्लक आहे, तेव्हा झपाट्याने सांगतो. पडद्याच्या मधोमध भोक असलेला कान सर्दीबरोबर भरपूर, चिकट, बिनवासाचा वाहतो. तो त्यातल्या त्यात सौम्य, तरी उपचाराचाच. स्राव थोडा, दुर्गंधीयुक्त, कधी रक्तमिश्रित असेल तर संशय माळ्याचा धरावा. कोणताही कान दोन आठवडे वाहिला तर तो सूक्ष्मदर्शकाखाली साफ करून तपासून घ्यावा आणि श्रवणचाचणी करावी. तेल, लसूण आणि कानात पाणी बंद. घरी स्वच्छ कापसाच्या वातीने बाहेरचा स्राव टिपावा, काडी आत घालू नये. पडद्याला भोक असताना जुन्या बाटलीतले थेंब घालू नयेत, कारण त्यांतली काही प्रतिजैविके आतल्या कानाला बाधतात. क्विनोलोन या प्रतिजैविकांच्या गटातील थेंब पोटातल्या गोळ्यांपेक्षा सहसा अधिक उपयोगी पडतात. टाळू दुभंगलेल्या मुलांचे कान वाहत नसले तरी तपासत राहावेत. चेहरा वाकडा होणे, चक्कर, कानामागे सूज, ताप आणि उलट्यांसह डोकेदुखी यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये, कारण या माळ्याच्या पातळ छतावर मेंदू टेकलेला आहे.

कोलेस्टिआटोमा थेंबांनी जात नाही, तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. त्याचा पसारा सीटी स्कॅनवर पाहून ठरते की कानाच्या बाहेरच्या नळीची मागची भिंत ठेवायची की पाडायची. ठेवली तर साधारण वर्षाने आत पुन्हा पाहावे लागते किंवा विशिष्ट प्रकारचा एमआरआय करावा लागतो, आणि पाडली तर जी पोकळी उरते ती आयुष्यभर ठरावीक काळाने डॉक्टरकडून साफ करून घ्यावी लागते. पेटीवाले त्यासाठी दर दिवाळीनंतर येतात, आणि त्यांच्या आग्रहावरून फाया आता मनगटावर चोळण्याची परवानगी मी दिलेली आहे.