चाकोरीतून जाण्याची विद्या

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

आजचा विषय पत्रिकेत ‘डोंगरवाटेवर जीप कशी चालवावी’ असा छापला आहे. तेथे मी पोहोचेनच. पण त्याआधी मराठी भाषेशी माझे एक जुने भांडण आहे. कुणाचे कौतुक करायचे झाले की तो ‘चाकोरीबाहेरचा’ आहे असे आपण म्हणतो. चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या लोखंडी धावेने वर्षानुवर्षे जमिनीत कोरलेली जोडवाट. आमच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर, तर ती जांभ्या दगडातही उमटलेली दिसते. जो ती सोडतो त्याचे कौतुक करण्याऐवजी त्याच्या गाडीखाली वाकून पाहावे, असे माझे मत आहे, आणि ते मला फुकट मिळालेले नाही.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही तीन गाड्या घेऊन गगनबावड्याच्या बाजूच्या एका सड्यावर जायला निघालो. पहाटे साडेपाचची वेळ ठरली होती, आणि कोल्हापुरात साडेपाच म्हणजे किती, हे या सभागृहाला सांगायला नको. सर्व जण जमेपर्यंत सात वाजले. मग कुणीतरी मिसळीचा विषय काढला, आणि कट तिखट कुठला नि चवदार कुठला याचा निकाल न लागताच साडेआठ झाले. (समोर डावीकडे जे हसत आहेत, तेच त्या दिवशी सर्वांत उशिरा आले होते.) गगनबावडा येथून ५५ किलोमीटरच्या आसपास, पण हंगाम उसाचा, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांमागे आमची वरात निघाली. उशिराची खरी शिक्षा मात्र पुढे असते. आपल्याकडून घाटमाथा पश्चिमेला आहे. सकाळी निघालात तर ऊन पाठीशी राहते आणि दगडाची प्रत्येक धार सावलीमुळे उठून दिसते, पण दुपार कलली की तेच ऊन काचेवर येते आणि फूटभर खड्डाही सपाट वाटू लागतो.

आम्ही डांबर सोडले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. चाकोरी उजवीकडे लांब वळसा घेत होती आणि सडा समोरच दिसत होता. मी चारही चाकांना जोर देणारी जोडणी टाकली आणि सरळ चढलो. जांभ्याची एक पायरी मला दिसलीच नाही. जीप तिच्यावर पोटावर बसली. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक अधांतरी, आणि मी जितका जोर देई तितकी तीच दोन चाके गरगरत. साध्या डिफरन्शिअलचा, म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या दातेरी जोडणीचा, स्वभावच असा आहे की ज्या चाकाला पकड नाही तेच फिरते, आणि ज्याला पकड आहे ते स्वस्थ उभे राहते. अशा वेळी चारही चाकांना जोर असलेली गाडीसुद्धा जागची हलत नाही.

इतक्यात शेळ्यांमागून एक धनगर आजोबा आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “पावनं, चाकोरी सोडलीसा कशाला?” मी म्हणालो, “वळसा फार मोठा होता.” त्यावर ते म्हणाले, “बैल काय येडा हाय व्हय? चढ कमी तितनंच त्यो जातोय.” त्यांनी वाडीतून पहार आणवली, अधांतरी चाकांखाली दगड रचून घेतले आणि मगच मला गाडीत बसू दिले. गाडी निघाली, तेव्हा अंधार पडायला आला होता. सडा राहिला तो राहिलाच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे: ‘सात मिनिटे’. पत्रिकेतला विषय आता घाईनेच उरकावा लागेल.

चाकोरीत उतरण्यापूर्वी खाली उतरून तिची खोली पाहावी. गाडीच्या पोटाला टेकेल इतकी ती खोल असेल, तर एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे बाहेरच्या काठावर ठेवून तिच्यावरून जावे. यालाही मी चाकोरी पाळणेच म्हणतो. चढाला आणि उताराला लो रेंज, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त देणारी गिअरची जोडणी, दगड लागण्याआधीच टाकावी, अर्ध्या चढावर नव्हे. उतारावर क्लच दाबू नये. गाडी इंजिनाने धरावी, ब्रेकने नव्हे. स्टिअरिंग धरताना अंगठे आत अडकवू नयेत, कारण चाक दगडावर आपटले की स्टिअरिंग झटका देते.

ओढा आधी पायी ओलांडावा, मध्ये गिअर बदलू नये, आणि बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून वाळवावेत. दाजीपूरकडे जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की अभयारण्य पावसाळ्यात बंद असते आणि आत आखलेली वाट सोडता येत नाही. कुठल्याही सड्यावरची मातीच्या बोटभर थरावरची फुले एका चाकाने जातात. तेथे चाकोरी संपली की गाडी थांबवावी आणि पुढे पायी जावे.

उरला चाकांतल्या हवेचा प्रश्न. ३२ पीएसआयची हवा २२ वर आणली की टायर जमिनीला अधिक लांबीने टेकतो आणि पकड वाढते. पण जांभ्याच्या धारेवर त्याहून फार कमी करू नये, टायरची बाजू फाटते. डांबरावर परतताच ती पुन्हा भरावी लागते, म्हणून पंप हवा. माझा पंप बाहेर उभ्या असलेल्या जीपमध्ये आहे आणि अध्यक्ष घड्याळ पाहत आहेत. तेव्हा हवा कशी उतरवायची ते खालीच दाखवतो.