साक्षीला एक पेटी

(टेबलावर स्पीकरच्या दोन जुन्या लाकडी पेट्या शेजारी शेजारी. एकीची कापडी जाळी काढलेली.)

बोट नुसतं लागलं आणि फोमचा तुकडा गळून पडला. काळा, चिकट. बोटावर चोळला तर काजळीसारखा पसरतो.

वूफरच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरच्या, कागदी कोनाभोवतीची ही मऊ कड. कोन हिच्याच आधाराने आत-बाहेर झुलतो. हवेतल्या ओलाव्याने पॉलियुरेथेनचा फोम पंधरा-वीस वर्षांत विरायला लागतो. स्पीकर रोज वाजवा नाहीतर माळ्यावर गुंडाळून ठेवा, तो विरतोच. तेव्हा ‘फारसा वापरलेला नाही’ हे विकणाऱ्याचं वाक्य ऐकावं आणि सोडून द्यावं. रबराची कड मात्र बरीच जास्त टिकते.

फोम दोन्ही पेट्यांचा बदलायचा. आतलं बाकीचं काम आधी एकाच पेटीचं. दुसरी आहे तशी राहू द्यायची, साक्षीला.

(कोनाच्या काठावरून जुना गोंद खरवडणारी बोटं.)

या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ करायचा, कागद भिजू न देता. नवी कड आधी कोनाला चिकटवायची, ती वाळली की मग लोखंडी चौकटीला. खरी परीक्षा या दुसऱ्या टप्प्यात. कोनामागची व्हॉइस कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, चुंबकाच्या ज्या फटीत पुढे-मागे सरकते, तिथे दोन्ही बाजूंना मिलिमीटरचा काही अंशच मोकळा असतो. कोन जरासा तिरका बसला की कॉइल घासलीच. म्हणून गोंद ओला असतानाच कान जवळ नेऊन, दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सारखा दाबून पाहायचा. खर्र झालं की कड किंचित सरकवायची. पुन्हा दाबायचं. काहीच ऐकू आलं नाही की झालं.

आणि स्क्रू-ड्रायव्हर घट्ट धरा. माझा एकदा चुंबकाने हातातून ओढून नेला. शाबूत कोनाला आरपार भोक पडलं.

(वूफर काढलेल्या पेटीचं तोंड. आत पिवळट काचलोकर.)

हातमोजे आणि मास्क घालूनच आत हात घालायचा. लोकर जेवढी निघेल तेवढीच परत भरायची. ठासून भरली म्हणून बास वाढत नाही. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांच्या ‘एआर-१’ या स्पीकरने बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं, आणि छोट्या पेटीतून खोल बास निघायला लागला. अशा बंद पेटीला बारीकशी गळतीही चालत नाही. वूफरखालची जुनी पुट्टी कडक झाली असेल तर ती बदलायचीच. मग कोन हलकेच आत दाबून सोडायचा. तो सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे. झटकन आला तर कुठेतरी फट आहे, शोधा.

(क्रॉसओव्हरची पट्टी. वायरींचे मोबाइलवर फोटो काढणारा हात.)

हात शिवशिवतात ते इथे आल्यावर. ही पट्टी खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला, म्हणजे छोट्या स्पीकरला, वाटून देते. पट्टीवरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने थकलेले असतात, ते बदलणं रास्तच. पण ‘बदलतोच आहोत तर मोठे घालू’ हा मोह आवरायचा. ८ ओहमच्या ट्वीटरपुढे एकटा ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर कागदावरच्या हिशेबाने सुमारे ५,००० हर्ट्झच्या खालचा आवाज उतरत जातो. तिथे ८ मायक्रोफॅरडचा घातला की हीच सीमा २,५०० वर येते. मग जे ओझं वूफरने उचलायचं, ते बिचाऱ्या नाजूक ट्वीटरच्या गळ्यात. किंमत मोजून स्पीकर बिघडवायचा हा राजमार्ग! छापलेला आकडा तोच ठेवायचा, कपॅसिटर फक्त फिल्मचा, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचा, घ्यायचा.

(दोन्ही पेट्या वाजतायत. बॅलन्सच्या बटणावर हात.)

मोनो लावलं आहे, म्हणजे दोन्ही पेट्यांत तोच आवाज. एकाच बाईचा आवाज, साथीला काही नाही. बटण साक्षीदार पेटीकडे: शब्दांतला ‘स’ बोथट, पदराआडून आल्यासारखा. आता नव्या पेटीकडे: ‘स’ उघडा झालाय, पण जरा टोचतोय. जुन्या कपॅसिटरमध्ये स्वतःचा थोडा रोध होता, फिल्मच्यात तो जवळजवळ नाही, म्हणून ट्वीटर वर चढला. साक्षीदार पेटी बरोबर आहे असं नाही, तीही थकलेलीच. पण आपण कुठून किती सरकलो, ते तिच्यामुळेच कळतं. नवी एकटीच ऐकली असती तर हे टोचणं ‘स्पष्टपणा’ म्हणून खपून गेलं असतं.

नव्या कपॅसिटरच्या ओळीत अर्ध्या ओहमचा रोध, म्हणजे रेझिस्टर, सोल्डर केला. परत तेच गाणं, परत तोच ‘स’.

टोचत नाही.

(दुसऱ्या पेटीच्या स्क्रूवर टेकलेला स्क्रू-ड्रायव्हर. या वेळी दोन्ही हातांनी धरलेला.)