टायटॅनिक: वर जायचा जिना

१४ एप्रिल १९१२, रविवार, रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं. टायटॅनिक हिमनगाला घासली. ही गोष्ट तुम्हाला माहितीये, मलाही माहितीये, लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलीये की आता त्यात नवीन काय सांगणार असंच वाटतं. म्हणून हिमनग राहू दे बाजूला. आज आपल्याला एका माणसाच्या मागोमाग चालायचंय.

नाव जॉन हार्ट. थर्ड क्लासचा स्टुअर्ड, म्हणजे उतारूंची उठबस बघणारा. जहाजाच्या मागच्या अंगाला, खालच्या मजल्यांवर झोपलेल्या बायका आणि मुलं मिळून ५८ जण त्याच्या वाट्याला होते. जहाजावर लाउडस्पीकर वगैरे काही नव्हता, सगळ्यांसाठी भोंगा वाजवायचीही सोय नव्हती, त्यामुळे बातमी जायची ती माणसाच्या पायाने, एकेक दार वाजवत. हार्टने दारं वाजवली, लोकांना उठवलं, लाइफबेल्ट बांधा म्हणाला. काहींनी बांधलेच नाहीत. का बांधतील? दिवे चालू आहेत, जमीन सपाट आहे, पोरं गाढ झोपलीयेत, आणि हा माणूस मध्यरात्री येऊन सांगतोय की उठा.

साडेबाराच्या सुमाराला वरून निरोप आला, बायकामुलांना वर आणा.

आता वर म्हणजे कुठे, हाच तर सगळा प्रश्न आहे. लाइफबोटी होत्या सगळ्यात वरच्या डेकवर, आणि तो डेक होता फर्स्ट आणि सेकंड क्लासच्या लोकांचा फिरायचा, हवा खायचा. फर्स्ट क्लासला वर जायला रुंद सागवानी... नाही, चुकलो, ओकचा, तो फोटोतला प्रसिद्ध जिना होता, शिवाय तीन लिफ्ट होत्या. सेकंड क्लासला एक लिफ्ट होती. थर्ड क्लासला लिफ्ट नव्हती, आणि लाइफबोटींपर्यंत सरळ पोचवणारा स्वतःचा जिनाही नव्हता, कारण नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यात हे लोक त्या डेकवर कधी जाणारच नव्हते! त्यांची मोकळी जागा मागे, शेपटीकडे. तिथेच बसायचं, तिथेच उभं राहायचं.

मग हार्टने काय केलं, साधारण तीस जणांचा घोळका गोळा केला, त्यांना घेऊन आधी मागच्या उघड्या डेकवर आला, तिथून सेकंड क्लासच्या लायब्ररीला वळसा घातला, पुढे जहाजाच्या डॉक्टरची खोली, मग फर्स्ट क्लासच्या नोकरचाकरांची जेवायची जागा ओलांडली, आणि मग कुठे फर्स्ट क्लासचा मोठा जिना लागला. त्या बायकांनी आयुष्यात हा रस्ता पाहिलेला नाही. कडेवर पोर, अंगावर मिळेल ते गुंडाळलेलं, कित्येकींना इंग्रजी येत नाही, स्वीडन, फिनलंड, आयर्लंड, लेबनॉन, कुठून कुठून आलेल्या. वाट माहिती असलेला तो एकटा. त्याने त्यांना आठ नंबरच्या लाइफबोटीपाशी सोडलं. त्यातल्या काही जणी थंडीने कुडकुडल्या आणि परत आत उबेला निघून गेल्या, हे त्याने स्वतः चौकशीत सांगितलंय.

मग तो उलटा खाली गेला. दुसरी खेप, साधारण पंचवीस जण. ती वर पोचली तोवर बहुतेक बोटी निघून गेल्या होत्या, ही माणसं पंधरा नंबरच्या बोटीत बसली आणि हार्टलाही तिच्यातच बसायचा हुकूम झाला. म्हणजे खेपा झाल्या दोन. तिसरी झालीच नाही.

आणि पहिली लाइफबोट, सात नंबरची, ती पावणेएकच्या आसपास पाण्यावर उतरलीसुद्धा होती. ६५ जणांच्या बोटीत २८ जण.

आता आकडे सांगतो, नंतर झालेल्या ब्रिटिश चौकशीचे आकडे आहेत हे. फर्स्ट क्लासच्या १४४ बायकांपैकी १४० वाचल्या. सेकंड क्लासच्या ९३ पैकी ८०. थर्ड क्लासच्या १६५ पैकी ७६, म्हणजे निम्म्यापण नाहीत. फर्स्ट क्लासच्या ज्या चौघी गेल्या त्यातली एक इडा स्ट्राउस, मेसीज या मोठ्या दुकानाच्या मालकाची बायको, नवऱ्याला सोडून जायचं नाही म्हणून थांबली. म्हणजे तिला बोट मिळत होती, तिने नाही म्हटलं. खालच्यांना नाही म्हणायची वेळच आली नाही.

मुलांचं तर विचारू नका. फर्स्ट आणि सेकंड क्लासचं एकच मूल गेलं, लोरेन ॲलिसन, वय वर्षं दोन, आणि तीपण आईबाप तान्ह्या भावाला शोधत राहिले म्हणून गेली असं सांगतात, ते बाळ आधीच दाईबरोबर बोटीत सुखरूप होतं. थर्ड क्लासची ७९ मुलं होती. वाचली २७. ३४ टक्के. आणि फर्स्ट क्लासच्या पुरुषांचा आकडा ३३ टक्के. जरा थांबून बघा हे. 'आधी बायका आणि मुलं' असा नियम ज्या जहाजावर पाळला म्हणून शंभर वर्षं कौतुक चाललंय, तिथे वरच्या वर्गातला धडधाकट माणूस आणि खालच्या वर्गातलं शेंबडं पोर, दोघांना जगायचा चान्स जवळपास सारखाच.

इथे कोणीतरी म्हणणारच की दारं बंद केली होती ना, सिनेमात दाखवतात तसे ते उंच लोखंडी गज? तर तसे जमिनीपासून छतापर्यंतचे पिंजरे जहाजभर नव्हते. पण गेट होती, बरीचशी कमरेएवढी, आणि काही दारं बंदही होती. त्याचं कारण अमेरिकेचा कायदा. न्यूयॉर्कला उतरल्यावर थर्ड क्लासवाल्यांची एलिस आयलंडवर तपासणी व्हायची, साथीचा आजार असेल या भीतीने त्यांना बाकीच्या उतारूंपासून वेगळं ठेवायचा नियम होता. म्हणजे गेट लावलं ते कुणाला बुडवायला नाही, कागदावरच्या नियमासाठी लावलं. पण ते त्या रात्री उघडायचं कोणी, हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

डॅनिएल बकली म्हणून एक आयरिश तरुण होता, त्याने अमेरिकन सिनेटच्या चौकशीत साक्ष दिली. पायऱ्यांच्या टोकाला छोटं गेट, पुढे फर्स्ट क्लासचा डेक. एक जण वर चढायला गेला तर खलाशाने त्याला खाली ढकललं आणि गेटला कुलूप लावलं. तो गडी पेटला, त्याने धडक मारून कुलूप तोडलं आणि मागची सगळी मंडळी वर घुसली. बकली एका बोटीत शिरला, पुरुषांना बाहेर काढायला लागले तेव्हा तो रडायला लागला, आणि शेजारच्या बाईने आपली शाल त्याच्या डोक्यावरून टाकली. तेवढ्यावर वाचला. ही शाल माझ्या डोक्यातून जात नाही बघा.

लंडनमध्ये लॉर्ड मर्सी यांच्यापुढे ब्रिटिश चौकशी झाली, निष्कर्ष काय तर थर्ड क्लासला अन्यायाची वागणूक मिळाली नाही. बरं, थर्ड क्लासचे किती उतारू साक्षीला बोलावले? एकही नाही. हार्टची साक्ष झाली, थर्ड क्लासवाल्यांच्या बाजूने एक वकीलही होता, पण स्वतः खालून वर आलेला माणूस, एकही नाही. अमेरिकेत निदान तिघांना बोलावलं.

पुरुषांचा हिशेब मात्र सरळ नाही, आणि मला तोच जास्त विचार करायला लावतो. सगळ्यात कमी कोण वाचलं असेल? थर्ड क्लासचे पुरुष म्हणाल. नाही. त्यांचे १६ टक्के वाचले. सेकंड क्लासच्या १६८ पुरुषांपैकी फक्त १४. आठ टक्के! मास्तर, पाद्री, दुकानदार, कारकून, आपल्याकडे ज्यांना पांढरपेशे म्हणतात तसले. माझा आपला अंदाज, हे लोक सांगितलं तिथे उभे राहिले. वरच्यांना ऑफिसर ओळखत होते, खालच्यांनी गेट तोडलं, आणि मधले रांगेत.

त्यात नशीब बाजूवरही होतं. डाव्या बाजूला लाइटॉलर नावाचा ऑफिसर, त्याच्या लेखी फक्त बायका आणि मुलं, विषय संपला. उजव्या बाजूला मर्डॉक, जवळपास बाई दिसत नसेल तर पुरुषाला बसू द्यायचा. जॉन जेकब ॲस्टर, जहाजावरचा सगळ्यात श्रीमंत माणूस, डाव्या बाजूला होता. बायको गरोदर, वय १८, तिच्याबरोबर बसू का विचारलं, लाइटॉलर नाही म्हणाला. ॲस्टर मागे सरला आणि गेला. आणि उजव्या बाजूची एक नंबरची बोट ४० जणांची, तिच्यात १२ जण, त्यात सर कॉस्मो डफ-गॉर्डन, त्यांची बायको, बायकोची सेक्रेटरी, आणि १२ मधले ७ जण जहाजाचे कर्मचारी. सरांनी नंतर त्या सात जणांना पाच-पाच पौंड दिले, सामान बुडालं बिचाऱ्यांचं म्हणून. लोकांनी त्याचा अर्थ लावायचा तो लावला, चौकशीत घाम फुटला त्यांना. तर पैसा होता म्हणजे वाचलाच असं नाही. पण पैसा असलेला माणूस निदान बोटीसमोर उभा तरी होता.

आपल्या बाजूचाही एक धागा आहे. ॲनी फंक, अमेरिकन मिशनरी, तेव्हाच्या मध्य प्रांतात, ज्याची राजधानी नागपूर, तिथल्या जांजगीरला मुलींची शाळा चालवायची. आई आजारी म्हणून घरी निघाली, रेल्वेने मुंबईला आली, मुंबईहून बोटीने निघाली. इंग्लंडात कोळसा खाणीच्या संपामुळे तिची ठरलेली बोट रद्द झाली, जादा पैसे भरून टायटॅनिकचं सेकंड क्लासचं तिकीट काढलं. १२ एप्रिलला जहाजावर तिचा अडतिसावा वाढदिवस झाला. सेकंड क्लासच्या ज्या १३ बायका गेल्या त्यातली ती एक.

मग असं वाटेल की समुद्रावर हे असंच होणार. तर नाही. १९१५ मध्ये लुसिटानिया, तसलंच मोठं जहाज, आयर्लंडजवळ टॉर्पेडो लागून १८ मिनिटांत बुडालं. जवळपास १२०० माणसं गेली, पण तिन्ही वर्गांतलं वाचलेल्यांचं प्रमाण साधारण सारखंच. तिथे कुणाला कोणाला विचारायला वेळच नव्हता, ज्याला जमेल तो पळाला. टायटॅनिकला बुडायला २ तास ४० मिनिटं लागली. दोन तास चाळीस मिनिटं म्हणजे ओळखी, हुकूम, जिने, गेट, सगळ्यांना आपापलं काम करायला भरपूर वेळ.

लाइफबोटी कमी होत्या हे तर खरंच, २० बोटी, जागा ११७८ जणांची आणि जहाजावर २२०० च्या वर माणसं. पण १८९४ चा नियम होता की दहा हजार टनांच्या वरच्या जहाजाला १६ बोटी पुरेत, टायटॅनिक ४६ हजार टनांची, म्हणजे कंपनीने कायद्यापेक्षा चार जास्तच ठेवल्या होत्या. असो.

सकाळी चारच्या सुमाराला कार्पेथिया आली, सातशेच्या आसपास माणसं उचलली. त्यात सहा चिनी होते. थर्ड क्लासमध्ये चिनी खलाशी आठ, वाचले सहा. त्यातले चौघे त्याच घडीच्या बोटीतून आले जिच्यात कंपनीचे मोठे साहेब, ब्रूस इस्मे बसले होते. आणि एक जण पाण्यात तरंगणाऱ्या लाकडावर सापडला, लोव नावाचा ऑफिसर रिकामी बोट घेऊन परत फिरला तेव्हा. न्यूयॉर्कला बाकी सगळ्यांना चहा, कपडे, मदत, आणि या सहा जणांना, १८८२ च्या चिनी बंदीच्या कायद्यामुळे, शहरात पाय ठेवायची परवानगी नाही. दुसऱ्याच दिवशी मालवाहू बोटीवर चढवून पाठवून दिलं.

गेलेल्यांचं काय. कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून मॅके-बेनेट नावाचं, समुद्रातल्या तारा दुरुस्त करणारं जहाज प्रेतं आणायला गेलं. तिथे ३०६ सापडली, एवढी अपेक्षाच नव्हती, प्रेतं टिकवायचा मसाला, कापड, पेट्या, सगळं कमी पडलं. मग वाटणी झाली. फर्स्ट क्लासचे पेटीत, सेकंड आणि थर्डचे कॅनव्हासमध्ये शिवलेले, खलाशी नुसते डेकवर बर्फात. ११६ जणांना परत समुद्रात सोडलं, त्यात कोणी नावाजलेला माणूस नव्हता. कॅप्टनने कारण सांगितलं की मोठ्या माणसांच्या मागे विमा असतो, वारसाहक्काची भांडणं असतात, त्यांचं प्रेत जमिनीवर आणलेलं बरं.

पण याच जहाजाने एक लहान मुलगा आणला. चौथं प्रेत, दोनेक वर्षांचं असेल, कोणी विचारायला आलं नाही. त्याला मात्र त्यांनी समुद्रात सोडला नाही, खलाशांनी स्वतःच्या पैशाने त्याचा दफनविधी केला, दगड बसवला, 'अज्ञात बालक' म्हणून. प्रेतांवरचे कपडे जाळायचा हुकूम होता, लोक आठवण म्हणून पळवतील या भीतीने. तिथे पहाऱ्यावर असलेल्या एका पोलिसाने, क्लॅरेन्स नॉर्थओव्हर, सगळं जाळलं, पण त्या पोराचे बूट काही त्याच्याने जाळवले नाहीत. ते त्याने आपल्या टेबलाच्या खणात ठेवले.

बूट तपकिरी चामड्याचे, हाताच्या तळव्यावर मावतील एवढे. नव्वद वर्षं त्या घरात राहिले आणि २००२ मध्ये हॅलिफॅक्सच्या सागरी संग्रहालयात आले. त्याच वर्षी डीएनए तपासून मुलाचं नाव ठरलं, ते चुकीचं निघालं, त्या नावाचं पोर तेरा महिन्यांचं होतं आणि हे बूट त्याला मोठे होत होते. परत तपासणी. २००७ मध्ये नाव मिळालं, सिडनी गुडविन, वय १९ महिने. आईबाप आणि सहा मुलं, थर्ड क्लासने नायगाराला चालले होते. आठांपैकी कोणीच वाचलं नाही, आणि आठांपैकी सापडला तो हा एकटा.