सतरा इंची हौस

(हौशी मोटरस्पोर्ट मंडळींपुढे पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘ऑटोक्रॉससाठी टायर आणि रिमची निवड’. मला दिलीत पस्तीस मिनिटं. त्यातली सहा सत्कारात गेली. नारळाबद्दल आभारी आहे, पण एखादा व्हॉल्व्ह किंवा पंक्चर किट दिलं असतंत तर जास्त आवडलं असतं. असो. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली. तेव्हापासून हे गाव लांबलेली भाषणं ऐकत आलंय, तेव्हा आणखी एक खपून जाईल.

आधी एक काम करा. गाडीला मोठे अलॉय बसवलेत त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. आता घरी त्यांची खरी किंमत सांगितली असेल त्यांनीच हात वर ठेवा. दोन. आणि त्यातल्या एकाचं लग्न व्हायचंय, मला माहीत आहे.

माझी मूळ तक्रार ‘ऑटोक्रॉस’ या शब्दाबद्दलच आहे. अमेरिकेत हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे येतं डांबरी किंवा काँक्रीटचं मोठं पार्किंग. त्यावर मांडलेले शंकू, त्यांतून एकेक गाडी काढायची, शंकू पाडला की दोन सेकंद दंड. इंग्लंडमध्ये हाच शब्द शेतात, गवतात, मातीत पळवायच्या गाड्यांसाठी आहे. आपण क्रिकेट, चहा आणि कारकुनी जिथून उचलली तिथूनच हा शब्दही उचलला, त्यामुळे आपला ऑटोक्रॉस बहुतेक वेळा मातीतला. आणि आपली पोरं टायरचा सल्ला वाचतात अमेरिकेचा! तिकडचा माणूस सांगतो, रुंद घे, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, बुटकी घे, ट्रेडवेअर (झिजेचा आकडा, लहान तितकं रबर मऊ) २०० चा चिकट टायर घे. त्याच्या पार्किंगपुरतं त्याचं शंभर टक्के बरोबर आहे. आपण ते वाचतो आणि मुरमावर जातो.

खरं तर बाहेर बघायची गरजच नव्हती. आपल्या खेड, आंबेगाव, जुन्नरच्या बैलगाडा शर्यतींत काय असतं? एका वेळी एकच गाडा, घाट ठरलेला, निकाल सेकंदांवर. हा ऑटोक्रॉसच झाला, फक्त इंधन पेंड खातं. आणि बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी तुम्ही पाहिली असेल. तिला आपल्याकडे ‘धाव’ म्हणतात. टायरला इतका सुंदर शब्द घरात असताना आपण इंग्रजी घेतला. ती धाव अरुंद, चाक मात्र उंच. सुतार-लोहारांना भौतिकशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, त्यांना चिखल माहीत होता. या धावेकडे परत येईन. वेळ मिळाला तर.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, आमच्या हिला तर ती पाठ आहे.

माझी स्विफ्ट. कंपनीचं माप १६५/८० आर १४, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्याच्या ८० टक्के, रिम १४ इंची. मी ठरवलं, यंदा ऑटोक्रॉसमध्ये उतरायचं. नाना पेठेत चार दुकानं फिरलो. एका दुकानदारानं (नाव विचारू नका, तो अजून मला चहा पाजतो) सतरा इंची अलॉय दाखवले. वापरलेले, पण चमक अशी की भांग पाडून घ्यावा. वर २०५/४५ चे टायर. मी वहीत हिशेब केला. मूळ टायरचा बाहेरचा व्यास ६२० मिलिमीटर, नव्याचा ६१६. म्हणजे स्पीडोमीटर खूश, गिअर खूश. इंजिनियर माणसाला असा आकडा जुळला की त्याची अक्कल तिथेच थांबते. साइडवॉल १३२ मिलिमीटरवरून ९२ वर आली हे मी त्याच वहीत लिहिलं होतं. वाचलं नाही.

मैदान शहराबाहेर. वर सैल मुरूम, खाली कडक थर, मधूनमधून मुठीएवढे दगड. माझ्या आधी सुटला एक गॅरेजमधला पोरगा, मारुती ८०० घेऊन. टायर १४५/७० आर १२. चाकं एवढीशी, माझ्या अलॉयसमोर बश्या वाटत होत्या. मी शेजारच्याला म्हटलंसुद्धा, “खेळण्यातली आहेत काय?”

मी सुटलो. पहिल्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं, गाडी सरळ. आणखी फिरवलं, गाडी आणखी सरळ. पुढची चाकं वळलेली आणि गाडी कडेला बघत उभ्या असलेल्या त्या पोराच्या आईकडे निघालेली. तिसऱ्या वळणाच्या आत एक दगड, आणि ‘ठण्’ असा आवाज. हा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको, ज्यानं नाही ऐकला त्यानं देवाचे आभार मानावेत. रिम वाकली, बीडमधून, म्हणजे टायरची कड रिमला बसते तिथून, हवा सुस्कारा टाकत निघाली. कशीबशी पूर्ण केलेली माझी वेळ त्या ८०० पेक्षा अकरा सेकंदांनी जास्त.

दुसरी फेरी तासाभरानं. स्टेपनी एक, चाकं चार. आणि तिथे उभी होती डिझायर टॅक्सी. कुणा स्पर्धकाच्या घरच्यांना घेऊन आलेली. लोखंडी डिस्क, म्हणजे साधी रिम, वर १६५/८० आर १४, बोल्टचं माप तेच. मी त्या ड्रायव्हरदादांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. ते म्हणाले, “साहेब, घासले तर?” मी म्हटलं, नवे देतो. टॅक्सी दगडांवर चढवली, चारही चाकं काढली, माझ्या गाडीला लावली. दादा मैदानाच्या कडेला उभे, आणि प्रत्येक वळणाला ओरडतायत, “हळू! हळू घ्या!” मंडळी, त्याच गाडीत, त्याच ड्रायव्हरकडून, वेळ नऊ सेकंदांनी उतरली. प्रवासी टायर, चाळीस हजार किलोमीटर पळालेले. नंतर दादांनी चारही चाकं हातानं पुसली, मगच लावून घेतली.

का झालं असं? ही चिठ्ठी आली... “दहा मिनिटं.” बरं.

एक पोस्टकार्ड डोळ्यांपुढे आणा. गाडी आणि माणूस मिळून साधारण एक टन, त्यातलं साठ टक्के पुढे, म्हणजे पुढच्या एका चाकावर ३०० किलो. हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलो. भागा. १३३ चौरस सेंटीमीटर, एका पोस्टकार्डापेक्षा किंचित जास्त. साइडवॉल थोडं वजन उचलते, पण ढोबळ हिशेब हाच. टायर रुंद केला, हवा तीच ठेवली, तर कार्ड मोठं होत नाही, उभं होतं ते आडवं होतं. डांबरावर वळताना आडवं कार्ड चांगलं. मुरमावर तेच खोऱ्यासारखं सैल माती पुढे ढकलत बसतं. उभ्या कार्डाचा पुढचा भाग सैल थर बाजूला सारतो आणि मागचा खालच्या कडक थराला धरतो. आली ना धाव परत? जागतिक रॅलीतही मातीवर १५ इंची रिम, डांबरावर १८ इंची. त्यांना पैसे कमी पडतात म्हणून नव्हे.

“पाच मिनिटं.” आता भराभर लिहून घ्या.

मुरूम, कोरडं मैदान: कंपनीचं सर्वात लहान रिम, सर्वात उंच साइडवॉल. स्विफ्टला १४ इंच. काळी माती ओली असेल तर नक्षीत मोठ्या फटी हव्यात, नाहीतर दोन वळणांत टायरचा लाडू होतो. पैसे असतील तर रॅलीचे टायर घ्या. भारतीय टायरवर २०२२ ला युरोपियन रॅली अजिंक्यपद जिंकलं गेलंय, एमआरएफच्या संघातून. पैसे नसतील तर अलॉयचे वाचवा आणि टायर घ्या.

डांबरावर किंवा गो-कार्ट ट्रॅकवर: इथे अमेरिकनाचं ऐका. १९५/५० आर १५ घेतलात तर व्यास ५७६, म्हणजे चाकाचा जोर साडेसात टक्क्यांच्या आसपास वाढतो, गिअर आखूड झाल्यासारखा. पण गाडी २२ मिलिमीटर खाली येते, हे मातीत परवडत नाही, इंजिनखालचं तेलाचं चेंबर फुटतं. स्पीडोमीटरही जास्त दाखवेल, खूश होऊ नका. फेरी मिनिट-दीड मिनिटाची, टायर तापायला वेळच नाही, म्हणून तापल्यावर चिकटणारे सर्किटचे टायर आणू नका. रिमची रुंदी बघा. १९५ साडेपाच इंचांवर बसतो, सहावर शोभतो.

हवा: कंपनीच्या आकड्यापासून सुरुवात. मातीत दोन-दोननं उतरा, साध्या टायरला माझी मर्यादा २६, त्याखाली बीड सुटायची भीती. डांबरावर उलट, पुढे चार-पाच जास्त. साइडवॉलवर खडूची रेघ मारा, फेरीनंतर बघा कुठवर पुसली. टायरच्या खांद्याच्या, म्हणजे नक्षी संपते त्या कडेच्या, खाली पुसली तर हवा कमी आहे.

वापरलेला टायर घेताना साइडवॉलवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, असलं रबर लाकूड झालेलं असतं. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, कंपनीपेक्षा खाली नको. ८२ म्हणजे ४७५ किलो. अलॉयला ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि मधलं भोक बघा. स्विफ्टचं ५४.१ मिलिमीटर आहे, अलॉयचं मोठं असेल तर मधली फट भरायला रिंग टाका, नाहीतर स्टिअरिंग थरथरेल आणि तुम्ही अलाइनमेंटवाल्याला शिव्या द्याल.

मागच्या-पुढच्या हवेतला फरक, हँडब्रेक, हे सगळं राहिलं. तिसरी चिठ्ठी आली, त्यावर काही लिहिलेलंच नाही. समजलं.

ते सतरा इंची अलॉय आमच्या गच्चीवर आहेत. कुणाला हवे असतील तर बाहेर भेटा. तीन सरळ आहेत.