सेल काढायचा राहून गेला

(दृश्य: टेबलावर दिव्याच्या उजेडात काळं, तळहाताएवढं वाफेचं इंजिन. शेजारी स्क्रू-ड्रायव्हर, कापसाच्या काड्या, वाटीत लिंबू.)

टपावरची कळ सरकवली. इंजिन गप्प. कानाशी धरून हलवलं तर आत काहीतरी खुळखुळतंय. खालचं झाकण नखानं निघेना, तेव्हाच अंदाज आला. निघालं तेव्हा आत पांढरी भुकटी, पितळी पट्टीवर हिरवा थर आणि मधोमध फुगलेला सेल. कधीतरी कुणीतरी खेळून झाल्यावर गाडी खोक्यात ठेवली आणि सेल काढायचा राहून गेला.

हे प्लारेलचं, म्हणजे जपानी खेळण्यातल्या आगगाडीचं, डी-५१. खऱ्या डी-५१ जातीची हजारावर इंजिनं जपानी रेल्वेसाठी बांधली गेली. तिथले लोक त्याला लाडानं 'देगोइची' म्हणतात.

(दृश्य: निळ्या प्लास्टिकचे रूळ एकेक जोडणारे हात.)

टोमी कंपनीनं १९५९ साली प्लास्टिकची आगगाडी आणि हे निळे रूळ बाजारात आणले. तोवर जपानी खेळणी म्हणजे प्रामुख्यानं पत्र्याची. प्लास्टिकचं नवल होतं. पहिली गाडी हातानं ढकलायची होती. १९६१ साली तिच्या पोटात मोटर आली. रुळांचं वळण केवढं असावं, हे ठरलं 'चाबुदाई'वरून. चाबुदाई म्हणजे जपानी घरातलं बुटकं टेबल, ज्याच्याभोवती जमिनीवर बसून सगळं कुटुंब जेवायचं. वळणाचे आठ रूळ जोडले की वर्तुळ पुरं होतं आणि ते त्या टेबलावर मावतं. जेवणं झाली, वाडगे उचलले, गाडी सुरू.

सरळ रूळ २१६ मिलिमीटरचा. तेव्हाचा रूळ आज दुकानातून आणलेल्या रुळाला बिनतक्रार जोडला जातो. त्यामुळे जुन्या गाड्या जमवणाऱ्याला रुळांची फिकीर नसते. जीव टांगणीला लागतो तो इंजिनापायी.

या रुळांतून वीज वाहत नाही. मोठ्यांच्या मॉडेल रेल्वेत साधारणपणे ट्रान्सफॉर्मरमधून रुळांत वीज येते आणि वेग बाहेरून कमीजास्त करता येतो. इथे सेल, मोटर, दातेरी चाकं असा सगळा संसार इंजिनातच मांडलेला. मुलांच्या हातात द्यायला निर्धास्त. पण सेल गळला तर तो थेट मोटरच्या शेजारीच गळतो.

(दृश्य: सेलच्या खोबणीचा क्लोज-अप. काडी फिरते, बारीक बुडबुडे येतात.)

साफसफाईआधी आत कुठला सेल होता ते बघायचं. अल्कलाइन असेल तर गळलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि त्याची अशी पांढरी भुकटी होते. तिच्यावर व्हिनेगर नाहीतर लिंबाचा रस. जुना झिंक-कार्बन असेल तर त्यातला द्राव आम्लाकडे झुकणारा, तिथे खाण्याच्या सोड्याचं पाणी. झिंक-कार्बन सेल चमत्कारिक असतो. त्याचं जस्ताचं भांडं हेच त्याचं ऋण टोक. वीज देताना ते भांडंच झिजत जातं आणि शेवटी त्याला भोक पडतं. हातमोजे घाला, डोळे जपा. अल्कलाइनचा द्राव कातडी भाजतो.

पितळेला कळक चढली की आपण भांडं कल्हईवाल्याकडे द्यायचो. इथेही तेच काम, फक्त नखाएवढ्या पट्टीवर. बारीक काचकागदानं घासायचं आणि वर कथिलाचा पातळ हात फिरवायचा. पट्टी पार खाल्ली गेली असेल तर पितळी पत्र्यातून नवी कापायची.

(दृश्य: मोटर सुटी केलेली. सेलच्या तारा लावताच गर्रकन फिरते.)

मोटर दगा देत नाही सहसा. दीड व्होल्टवर ही बघा, फिरली. दगा देतात दातेरी चाकं. पोलादी दांड्यावर घट्ट बसवलेलं छोटं चाक वर्षानुवर्षं ताणाखाली राहतं आणि दोन दातांमधल्या खाचेत तडकतं. मग दर फेऱ्याला एकदा टक् असा आवाज येतो. आत खुळखुळत होता तो याचाच तुकडा. गोंद लावून उपयोग नाही, या जातीच्या प्लास्टिकला तो धरत नाही. दुसऱ्या मेलेल्या इंजिनातून चाक काढून बसवायचं.

म्हणून हे इंजिन एकटं आलेलं नाही. जपानमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत 'जंक' असा कप्पा असतो. जंक म्हणजे चालेल याची हमी नाही, परत घेणार नाही. तिथून एका पिशवीत पाच इंजिनं आली, त्यातून दोन उभी राहतील. तीन इंजिनं सुट्या भागांसाठी मोडायची हे सुरुवातीला मनाला लागतं. नंतर डबीत चाकं साठायला लागली की लागेनासं होतं.

(दृश्य: निळ्या पट्ट्याची बुलेट ट्रेन, रंग किंचित पिवळसर.)

पिशवीतली ही दुसरी, शून्य मालिकेची शिंकान्सेन. मुंबई–अहमदाबाद मार्गासाठी ज्या शिंकान्सेनचं तंत्र येतंय, तिची ही पहिली पिढी. १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो–ओसाका मार्गावर धावली. जुनं प्लास्टिक पिवळं पडतं, मग काहीजण हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ते उन्हात ठेवतात आणि दुधासारखं पांढरं करून घेतात. मला ते पटत नाही. एक तर प्लास्टिक ठिसूळ व्हायची भीती. दुसरं म्हणजे खरी शून्य मालिका पांढरीशुभ्र नव्हतीच, हस्तिदंती होती. उन्हात तापवून आपण तिला चुकीच्या रंगाची करतो. स्टिकरही सोलू नयेत, कडा उचकटलेल्या असल्या तरी.

(दृश्य: टेबलावर निळं वर्तुळ. अर्धे रूळ फिकट, अर्धे नवे.)

जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, ते खरवडून नवं लावलंय, अगदी टाचणीच्या टोकावर मावेल इतकंच. जास्त झालं तर मोटरमध्ये उतरतं. चाकावरचा रबरी टायर कडक होऊन चिरला होता; त्याजागी नळाच्या सामानाच्या दुकानातली ओ-रिंग चढवलीय. जाडीत जराशी जास्त आहे.

नव्या इंजिनांना पेन्सिल सेल लागतो. याला लागतो तो मधला, जाडसर. घातला. कळ सरकवली.

(आवाज: मोटरची घरघर. इंजिन निघतं.)

जुन्या रुळावरून नव्या रुळावर जाताना जराही अडखळलं नाही. आता मागे दोन डबे लावून पाहू.

(आवाज: घरघर चालू, पण वळणावर चाकं जागच्या जागी फिरतात.)

ओ-रिंग घसरतेय. मोजून पातळ आणायला हवी. उद्या.

(दृश्य: हात इंजिन उचलतो, उलटं करतो. सेल बाहेर येऊन वाटीशेजारी ठेवला जातो.)