हातोडीला हात लावायचा नाही

हे काळपट, काकवीसारखं दाट दिसतंय ना, ते कधीकाळी पेट्रोल होतं.

गाडी जावा २५०. टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली. पेट्रोल उडून गेलं, ऑइलचा डिंक झाला, आणि त्या डिंकाने कार्बोरेटरची, म्हणजे इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची, वर-खाली सरकणारी स्लाइड धरून ठेवली. मूठ पिळली की केबल ताणते. आत काही हलत नाही.

टाकीवरचं नाव बघा. झेकोस्लोव्हाकियातले कारखानदार यानेचेक, आणि १९२९ साली त्यांनी जिच्या मोटरसायकलचे हक्क घेतले ती जर्मन कंपनी वांडरर. दोघांच्या स्पेलिंगमधली पहिली दोन-दोन अक्षरं, Ja आणि Wa, मिळून जावा. १९६१ पासून ती मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनू लागली. १९७३ मध्ये तिचं नाव येझदी झालं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणूनच हा जुना जिकोव्ह कार्बोरेटर फेकून द्यायला मिस्त्री तयार नाहीत. बाजारात दुसरा मिळतो, तासाभरात बसतोही. पण गाडीबरोबर आलेला तो हाच.

मिस्त्री पक्कड उचलत नाहीत. ही बॉडी ओतीव धातूची आहे, ठोकली की चीर जाते. आधी डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी हे उकळतं पाणी. डिंक सैल पडतो, बॉडी किंचित फुगते. आता हवेच्या तोंडातून लाकडाची काडी घालून स्लाइडला खालून हलकेच वर रेटायचं. फिरवायचं अजिबात नाही, स्लाइडला खाच असते, ती सरळच सरकते. थोडी वर, पुन्हा खाली. पुन्हा डिझेल. व्हिडिओतला हा भाग आम्ही कापून छोटा केलेला नाही, कारण सगळं काम इथेच आहे.

आली.

मग जेट, पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोंडं. पितळेचे, मऊ. पेचकस खाचेत गच्च बसणारा हवा, नाहीतर खाच उडते. मेन जेटचं भोक एक मिलिमीटरहून बारीक, मंद चालीच्या पायलट जेटचं त्याहूनही. यात टाचणी किंवा स्टीलची तार घालायची नाही. भोक मोठं झालं की पेट्रोलचं माप चुकलं. विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार, थोडं थिनर, वरून एअर. आणि मग असं उजेडासमोर धरायचं. गोल प्रकाश दिसला पाहिजे, पूर्ण गोल.

पेट्रोलची पातळी राखणारा पोकळ पितळी फ्लोट गरम पाण्यात दाबून बघितला. बुडबुडे नाहीत, म्हणजे भोक नाही.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते ओल धरतं आणि जुनं रबर खराब करतं, म्हणून रबरी नळ्या आणि गॅस्केट नवीन घातले.

दाराशी उभे आहेत ते मालक. गाडी त्यांच्या वडिलांची.

टिकलर, म्हणजे फ्लोट खाली दाबून पेट्रोल भरून घेणारं बटण, दाबला, बोटाला पेट्रोल लागलं. जावाची गिअरची दांडी आत दाबून वर घेतली की तीच किक होते.

पहिली.

दुसरी.